नागरिकशास्त्रातला राहून गेलेला धडा

मुलांच्या हाती मोबाइल द्यावा की देऊ नये, या वादात हे पुस्तक पडत नाही. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि तो वाद आपोआप निकालात निघाला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणत आपण शिक्षकांनीच इयत्तावार व्हॉट्सॲप गट तयार केले. गृहपाठ गटावर, कवितेचे पाठांतर आवाज रेकॉर्ड करून गटावर, चाचणीची लिंकही गटावर. ज्या घरात एकच फोन होता तिथे वडील कामावरून परतेपर्यंत पोरे ताटकळत बसली. कोणी उसनवारी करून फोन घेतला, कोणी हप्त्यावर. पुढे शाळा उघडल्या. गट मात्र राहिले, फोनही राहिले. ज्या मुलाला आपण तालुक्याच्या बाजाराला एकटे पाठवत नव्हतो, त्याची आता रोज कोणाकोणाशी ओळख होते हे आपल्याला ठाऊक नाही. एवढा मोठा बदल झाला, आणि त्यासाठी वेळापत्रकात एक तासिकाही निघाली नाही.

‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असे सांगणारे ५७ टक्के होते, समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे साधारण ६२ टक्क्यांना माहीत होते. आपले खाते अनोळखी माणसांपासून बंद कसे ठेवायचे हे ५५ टक्क्यांना. ही मुले आठवी ते दहावीच्या वर्गात आपल्यासमोर बसतात. त्यांना फोन चालवता येतो, आपल्यापेक्षा चांगला चालवता येतो. पण फोनच्या पलीकडे माणूस आहे, त्याला अब्रू आहे, आपल्यालाही आहे, आणि आपण पुढे ढकललेल्या शब्दाची जबाबदारी आपल्यावर येते, हे त्यांना कोणी बसवून सांगितलेले नाही.

या शिकवण्याला जगभर ‘डिजिटल नागरिकत्व’ म्हणतात आणि या पुस्तकाने तेच नाव घेतले आहे. अमेरिकेत माइक रिबल यांनी त्याचे नऊ घटक मांडले आणि ती यादी अनेक देशांतल्या शाळांनी उचलली. आम्ही ती जशीच्या तशी घेतली नाही. त्या यादीमागे असा विद्यार्थी गृहीत धरलेला दिसतो की ज्याच्याकडे स्वतःचे उपकरण आहे, स्वतःचा ईमेल आहे आणि घरी वाचता-लिहिता येणारे, प्रश्न विचारू शकणारे आईबाप आहेत. आपल्या वर्गातल्या मुलाचा फोन बहुधा वडिलांचा असतो, सिम काकांच्या नावावर असते, आणि आजीच्या पेन्शनचा ओटीपी तेच मूल वाचून दाखवते. लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी करायचे निघाले तेव्हा कित्येक घरांत आईचा आधार क्रमांक टाकायला सातवी-आठवीतली पोर बसली होती. खरी वेबसाइट कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी खोटी कोणती, हे तिला एकटीलाच ठरवायचे होते. घरातल्या मोठ्या माणसांचा सरकारशी आणि बँकेशी होणारा व्यवहार आपल्याकडे मुलांच्या बोटांतून होतो. त्यांचे नागरिकत्व अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहत थांबलेले नाही.

हा विषय संगणकाच्या तासाला जोडून टाकावा असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. संगणकाचे शिक्षक कौशल्य शिकवतात, ते त्यांनी शिकवावेच. पण १ जानेवारी २०२२ रोजी एका ॲपवर देशातल्या अनेक मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या परवानगीवाचून टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला आणि मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने तपास सुरू केला, तेव्हा अटक झालेल्यांत एक २१ वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता आणि एक १८ वर्षांची मुलगी होती. ही पिढी फोनवर आणि संगणकावरच वाढलेली. कौशल्याची वाण नव्हती. म्हणून हा विषय नागरिकशास्त्राचा आहे, भाषेचा आहे, आणि वर्गशिक्षकाचा आहे.

दुसरी घटना प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ‘मुले पळवणारी टोळी’ समजून घेरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्याआधी कित्येक दिवस मुले पळवणाऱ्यांविषयीचे मजकूर आणि व्हिडिओ मोबाइलवरून फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटातून कापलेला होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलतात, एवढाच भाग लोकांनी पाहिला. मूळ चित्रफितीत ते मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. कंपनीने तिच्या परीने एवढे केले. शाळांनी काय केले, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या जमावातली माणसे कोणत्या ना कोणत्या शाळेत शिकलेली होती. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात, शिक्षा न्यायालय देते, हे वाक्य त्यांनी कधी तरी परीक्षेत लिहिले असेल, त्याचे गुणही मिळाले असतील. त्या वाक्याची आणि हातातल्या फोनची गाठ घालून द्यायची राहिली. राईनपाड्याचा पाठ या पुस्तकात नववीसाठी आहे. तो घेताना मृतांच्या देहांचे किंवा मारहाणीचे कुठलेही दृश्य वर्गात दाखवू नये, हे इथेच बजावून सांगतो. भटक्या समाजातली मुले वर्गात असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.

पाचवी ते आठवीचे पाठ इतके जड नाहीत. त्यातला एक इथे थोडा उलगडून दाखवतो, म्हणजे पुस्तकाची पद्धत लक्षात येईल.

जुलै महिना, दोन दिवसांची संततधार. रात्री साडेनऊच्या सुमारास पालकांच्या गटावर एक फोटो येतो: जिल्हाधिकारी कार्यालयाचे पत्र, अतिवृष्टीमुळे उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी. खाली सही आणि गोल शिक्का. बघता बघता ते गावातल्या प्रत्येक गटावर पोचते. असे पत्र न पाहिलेले मूल महाराष्ट्रात शोधावे लागेल. पाठात शिक्षकाने हे पत्र छापून प्रत्येक बाकावर द्यायचे आणि विचारायचे, हे खरे की खोटे, आणि कशावरून? सुरुवातीला नुसता गलका होतो. निम्मा वर्ग ‘खरे’ म्हणून मोकळा होतो, कारण शिक्का आहे. मग कोणीतरी तारखेवर बोट ठेवते. दिवस-महिना बरोबर आहे, वर्ष मागचे आहे. कोणी म्हणते, पत्रात बुधवार लिहिलाय, उद्या तर शुक्रवार. जावक क्रमांकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ते शिक्षकाने वेधायचे. सरकारी कागदाला जावक क्रमांक का असतो हे सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात मुलाला कळते की कार्यालयातून निघालेल्या प्रत्येक कागदाची कुठे तरी नोंद असते आणि ती विचारता येते. पत्राचा वरचा कोपरा कापलेला असेल तर तो का कापला असावा, यावर मुले जे तर्क लढवतात ते ऐकण्यासारखे असतात.

मग खातरजमेचा भाग. जिल्हा माहिती कार्यालय काय असते? जिल्हाधिकारी कार्यालयाचे अधिकृत खाते कसे ओळखायचे? आणि सगळ्यांत सोपा मार्ग, मुख्याध्यापकांना फोन, तो कोणी का करत नाही? शेवटी शिक्षकाने विचारायचे, पत्र खोटे निघाले तर नुकसान कोणाचे? मुले हसतात. सुट्टी मिळाली तर नुकसान कसले? तेव्हा त्याच कागदावरचा मजकूर बदलून दुसरे पत्र द्यायचे: ओढ्यावरचा पूल वाहतुकीसाठी सुरू आहे. सही तीच, शिक्का तोच. पावसाळ्यात पुलावरून पाणी जाते म्हणजे काय, हे कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीच्या, गडचिरोलीच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. वर्गातले हसू थांबते. पाठ तिथे संपवावा, वर आणखी उपदेश करू नये.

या पद्धतीला आधार आहे. २०१८ मध्ये केरळच्या कन्नूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी ‘सत्यमेव जयते’ हा उपक्रम सुमारे दीडशे सरकारी शाळांत राबवला. लसीकरणाविषयीच्या अफवांमुळे पालक मुलांना लस टोचून घ्यायला कचरत होते, हे त्यामागचे एक कारण होते. बातमी खरी की खोटी हे कसे तपासावे याचे पाठ तिथे सरकारी शाळांत, नेहमीच्या शिक्षकांनी घेतले. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागली नाही. आपल्याकडेही लागणार नाही. या पुस्तकातले बहुतेक पाठ छापील कागदावर होतात. ज्या शाळेत वीज जाते-येते, नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही, तिथेही होतात.

दुसरा मोठा विषय मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासाचा. तो बहुतेक वेळा स्टिकरपासून सुरू होतो. वर्गातल्या कुणाचा तरी जांभई देतानाचा, रडतानाचा, घसरून पडतानाचा फोटो घ्यायचा आणि त्याचे स्टिकर करून गटावर सोडायचे. मग प्रत्येक बोलण्याला उत्तर म्हणून तेच स्टिकर. पहिल्या दिवशी ज्याचा फोटो आहे तो मुलगाही हसतो, न हसून सांगतो कोणाला? आठवडाभरात तो मधल्या सुट्टीत वर्गातच बसू लागतो. पोटात दुखते म्हणून शाळा बुडवतो. शिक्षकापर्यंत गोष्ट येते तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, ‘कोणी केले हे?’ पाठात हा प्रश्न मुद्दाम टाळला आहे. समजा गटात ४२ मुले आहेत आणि स्टिकर पाठवणारी चार. उरलेली ३८ काय करत होती? त्यातल्या एकाने जरी ‘पुरे आता’ असे लिहिले असते तर काय झाले असते, आणि ते लिहायला कशाची भीती वाटली? या प्रश्नांवर सातवीचा वर्ग अर्धा तास बोलू शकतो आणि फार खरे बोलतो.

स्टिकरपासून गंभीर गुन्ह्यापर्यंतचे अंतर आता फार कमी उरले आहे. साध्या फोटोवरून नग्न छायाचित्र बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मुलांच्या फोनवर सहज पोचतात. आवाजाची नक्कलही काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब मुलांचे अश्लील चित्रण तयार करणे, जवळ बाळगणे, पाठवणे हे सगळे गुन्हा ठरवते. ‘गंमत केली’ असे म्हणणारा पंधरा वर्षांचा मुलगाही त्याच्या कक्षेत येतो, फक्त त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलांना हे कायदे माहीत असावेत म्हणून दहावीच्या भागात ते सोप्या भाषेत दिले आहेत.

पण कलमांची भीती घालून हा विषय शिकवता येईल असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझा ठाम मतभेद आहे. शाळांत ‘सायबर सुरक्षा’ या नावाने होणारी व्याख्याने आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. पडद्यावर एकामागून एक गुन्हे येतात. या मुलीने फोटो पाठवला आणि तिचे असे झाले, या मुलाने गेम खेळला आणि त्याचे तसे झाले. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मुले सभागृहातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या मनात एवढेच उरलेले असते की काही वाईट घडले तर चूक आपलीच. आणि चूक आपली म्हटल्यावर मूल ती घरी सांगत नाही, शाळेतही सांगत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिक कठीण आहे. ‘असर’ने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे मुलीच्या हातातला फोन बहुधा मागून घेतलेला असतो आणि कधीही काढून घेतला जाऊ शकतो. तिला एखाद्याने घाणेरडा संदेश पाठवला आणि तिने तो आईला दाखवला, तर आधी फोन जातो. मग क्लास बंद होतो. काही घरांत त्याच महिन्यात स्थळे बघायला सुरुवात होते. हे तिला पुरते ठाऊक असते म्हणून ती गप्प बसते. धमकावणाऱ्यालाही ते तितकेच ठाऊक असते आणि त्याची सगळी ताकद त्या गप्प बसण्यात आहे. सावध राहण्याचे शंभर नियम पाठ करून घेतले तरी ही ताकद कमी होणार नाही. घरात किंवा शाळेत एक मोठे माणूस असे हवे की ज्याला सांगितल्यावर आपलेच काही काढून घेतले जाणार नाही याची मुलीला खात्री आहे. मूल सांगायला येते की नाही, ही या विषयाची माझ्या मते एकमेव परीक्षा आहे. शिक्षकाने पहिल्याच तासाला वर्गाला शब्द द्यावा की सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, आणि तो प्राण गेला तरी पाळावा.

मूल सांगायला आले तर शिक्षकाला पुढचे माहीत हवे. पुरावा पुसायचा नाही, स्क्रीनशॉट आणि तारीख ठेवायची, पण मुलाचे नग्न छायाचित्र असेल तर ते स्वतःच्या फोनवर घ्यायचे नाही आणि शिक्षकांच्या गटावर तर अजिबात टाकायचे नाही. मुलांसाठी मदतवाणी १०९८. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३०, आणि तीही ताबडतोब, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवले तरच ते गोठवता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. अठरा वर्षांखालील मुलाचे नग्न किंवा अर्धनग्न छायाचित्र पसरण्याचा धोका असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात छायाचित्र कुठेही पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याची एक अंकी खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सेवेत सहभागी असलेल्या कंपन्या ते छायाचित्र शोधून काढून टाकू शकतात. ही माहिती मला भेटलेल्या बहुतेक शिक्षकांना नव्हती.

पैशाच्या फसवणुकीवर वेगळा पाठ आहे, तो छोटा आहे आणि एकाच गोष्टीवर उभा आहे: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे कोणी म्हणाले की ते पैसे आपल्याच खात्यातून जाणार. हे सहावीच्या मुलाने घरी जाऊन आजोबांना समजावून सांगावे, एवढाच त्या दिवसाचा गृहपाठ. त्याच्या जोडीला ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही तरतूद कायद्यात नाही, हेही सांगावे. निवृत्त, शिकलेली माणसे त्या नावाखाली आयुष्यभराची पुंजी गमावून बसली आहेत.

हक्कांविषयी बोलल्याशिवाय नागरिकत्वाचे शिक्षण पुरे होत नाही, आणि इथे शाळा सहसा कच खातात. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ खाली ती कारवाई झाली, त्याला श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. इंटरनेटवर मत मांडता येते, प्रश्न विचारता येतो, सत्तेवर टीका करता येते, हे मुलांना आपल्याच राज्यातल्या या उदाहरणावरून कळावे. द्वेष पसरवणे आणि मत मांडणे यांतली रेघ कुठे ओढायची, यावर वर्गात वाद होईल. होऊ द्यावा. वाद शिक्षकाच्या राजकीय मताने मिटवू नये.

आता आपल्याच घराकडे वळतो. मुलांना खासगीपणा शिकवणारी शाळा स्वतः काय करते? गणवेश वाटप, सायकल वाटप, पोषण आहार, प्रत्येक वेळी मुलांना रांगेत उभे करून फोटो काढला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो शाळेच्या फेसबुक पानावर, सदस्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या गटांवर जातो. सायकल घेताना खाली मान घातलेल्या त्या मुलीला कोणी विचारलेले नसते. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि पालकांचा मोबाइल क्रमांक असलेल्या याद्या ‘तातडीने भरून पाठवा’ म्हणून शिक्षकांच्या गटावर उघड्या फिरतात. ‘अपार’ ओळखक्रमांकासाठी पालकांच्या संमतीचा अर्ज असतो. पालकाने वाचून, समजून त्यावर सही केली असे किती शाळांत झाले? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितली आहे. कायद्यात शिक्षणसंस्थांसाठी काही सवलती असतीलही. मुलांसमोर मात्र सवलतीचे कारण चालत नाही. ती आपल्याकडे पाहून शिकतात. वरून दबाव असतो, फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही असे मानले जाते, हे मला माहीत आहे. पाठमोरा फोटो घेता येतो. हातांचा घेता येतो. यादी गटावर न टाकता संबंधित लिपिकाला एकट्याला पाठवता येते.

मोठ्यांनी आधी बदलायचे, या गोष्टीला एक उदाहरण सांगली जिल्ह्याने घालून दिले. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरची खाती कायद्यानेच बंद केली. काळजी तिन्ही ठिकाणी सारखीच आहे. मला वडगावचा मार्ग जवळचा वाटतो, कारण भोंगा वाजल्यावर आईची मालिकाही बंद होते आणि वडिलांचा फोनही खाली ठेवला जातो. फक्त मुलांवर घातलेली बंदी मुलांना एकच गोष्ट शिकवते, की मोठे झाल्यावर हे सगळे बिनधास्त करता येते.

एवढ्या सगळ्या धोक्यांनंतर कोणाला वाटेल की हे पुस्तक इंटरनेटच्या विरोधात आहे. तसे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्या छोट्या गावात आला, हे आपल्याच काळातले आहे. मराठी विकिपीडिया मे २००३ पासून सुरू आहे, आणि त्यावर कोणीही लिहू शकते. आपल्या गावचा बारव, ग्रामदैवताची जत्रा, तालुक्यातली नदी, यांविषयी तिथे दोन ओळी असतात किंवा काहीच नसते. नववीच्या शेवटच्या पाठात वर्गाने मिळून आपल्या गावाविषयी एक नोंद लिहायची आहे. स्रोत द्यायचे, ऐकीव माहिती गाळायची, कोणी बदल केला तर चर्चेच्या पानावर शांतपणे आपले म्हणणे मांडायचे. जे मूल संदर्भ मागणाऱ्या अनोळखी माणसाला एकदा नीट उत्तर देते, ते पुढच्या वेळी गटावर आलेल्या मजकुरालाही संदर्भ मागते. खोट्या बातम्यांवरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हा पाठ मला मोलाचा वाटतो, आणि पुस्तकात त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत.

या विषयाला गुण नसावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जलसुरक्षा नववी-दहावीला स्वतंत्र विषय म्हणून आली तेव्हा किती आनंद झाला होता. वह्या सजल्या, श्रेणी मिळाल्या, पण गावातला नळ गळतच राहिला तर त्या श्रेणीचा उपयोग काय? डिजिटल नागरिकत्वाची प्रकल्पवही झाली तर मुले नेटवरूनच उतरवून आणतील. महिन्यातून दोन तासिका पुरेत. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने एक घ्यावी, भाषेच्या शिक्षकाने एक. पालकसभेत वर्षातून एकदा मुलांनी हे पाठ पालकांना शिकवावेत. क्रम पुस्तकातलाच ठेवायची गरज नाही. पाऊस लागला की सुट्टीच्या पत्राचा पाठ घ्यावा, निवडणूक आली की अफवांचा, परीक्षा संपून मुले दिवसभर फोनवर असतील तेव्हा गेमचा.

शिक्षकांकडे आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात आणखी एकाची भर घालताना संकोच वाटतो. म्हणून सुरुवात लहान ठेवावी. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मुख्याध्यापकांनी शाळेच्या फेसबुक पानावरचे मुलांचे ओळखू येणारे फोटो काढून टाकावेत आणि गटांवर पडून असलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या पुसाव्यात. पहिल्या आठवड्यात १०९८ आणि १९३० हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहावेत आणि वर्षभर पुसू देऊ नयेत. सांगायला येणाऱ्या मुलाने कोणाकडे जायचे, त्या शिक्षिकेचे किंवा शिक्षकाचे नाव त्याखाली लिहावे. एवढे झाल्यावरच पान उलटून पहिला पाठ घ्यावा, ही सर्व शिक्षकांना विनंती.